एक्केचाळीस नंबरच्या चिठ्ठ्या

शब्दकोशाच्या कचेरीत त्या शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता मास्तरांच्या हातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमिनीवर पडला आणि त्यांनी तो उचलला नाही. पलीकडच्या टेबलावर टाइप करणाऱ्या बाईंची बोटं जागच्या जागी थांबली. बावीस वर्षांत मास्तरांची एक चिठ्ठी खाली पडलेली कुणी पाहिली नव्हती. तान्हं मूल हाताळावं तशी ते चिठ्ठी हाताळायचे, आणि कागद उडू नयेत म्हणून ऐन उन्हाळ्यात पंखा बंद करून घामाघूम बसायचे.

त्यांचं नाव काहीही असो, कचेरीत ते मास्तर. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलेलं नव्हतं, पण समोरच्यानं तोंड उघडलं की त्याची चूक काढायची ही खोड जन्माची. कुणी 'माझी मदत करा' म्हणालं की मदत राहायची बाजूला, आणि 'मला मदत करा' कसं बरोबर, याचा धडा सुरू व्हायचा. घरीही तेच. गेली सव्वीस वर्षं बायको एखादी गोष्ट सांगायला सुरुवात करायची आणि दुसऱ्या वाक्यात दुरुस्ती ऐकून गप्प बसायची. मास्तरांना वाटायचं, तिची गोष्ट संपली.

या कचेरीची एक रीत होती. शब्दाचा अर्थ लिहिणं हे निम्मंच काम, सगळी मदार उदाहरणावर. आणि उदाहरण मनानं रचायचं नाही. कुणाच्या तरी तोंडून आलेलं किंवा कुणावर तरी खरोखर गुदरलेलं वाक्य हवं, आणि तेही तारखेसकट. अशी वाक्यं हौशी माणसं चिठ्ठीवर लिहून पाठवत. ओळखीपाळखीचा मामला होऊ नये म्हणून चिठ्ठी कुणाची हे मास्तरांना कळू द्यायचं नाही असा नियम होता. बाई ती टाइप करायच्या, वर कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा नुसता नंबर घालायच्या, मग ती मास्तरांपुढे यायची. मास्तर लाल पेनानं शेरा मारायचे आणि अर्थ बघून खणात टाकायचे. एका शब्दाच्या पोटात चार-पाच अर्थ, त्या प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा. तारखेकडे तोवर कुणी ढुंकूनही बघायचं नाही. तारीख कामाला यायची ती अगदी शेवटी, मजकूर छापखान्यात जायच्या दिवशी. त्या दिवशी सगळे गठ्ठे मोडायचे आणि उदाहरणं तारखेप्रमाणे लावायची, जुनं आधी, नवं नंतर.

आज 'भेलकांडणे'चा दिवस होता, आणि संध्याकाळी पाचपर्यंत पान छापखान्यात पोचायला हवं होतं.

या शब्दावर मास्तरांचा भारी जीव. आठ महिने ते त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. त्यांचं म्हणणं असं की, पायात काही आलं की माणूस अडखळतो. भीतीनं किंवा अशक्तपणानं तो लटपटतो, पण तेव्हा तो असतो जागच्या जागीच. होडी हेलकावते, खुर्ची डळमळते, आणि प्यायलेला माणूस झोकांड्या खातो, त्याला लोक हसतात. भेलकांडणाऱ्याचं तसं नाही. त्याला कुणी ढकललेलं नसतं, वाटेत दगडधोंडा नसतो. अंगच आपल्या धन्याला न विचारता एका बाजूला निघतं, दोन-चार पावलं तसंच जातं आणि मग सावरतं किंवा आपटतं. हे मास्तर अशा काही रंगात येऊन सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी स्वतःच हा शब्द पोटाला चिमटा काढून वाढवलाय.

जमलेल्या चिठ्ठ्या होत्या एक्कावन्न. त्यांतल्या चौदा एकट्या एक्केचाळीस नंबरच्या. ही एक्केचाळीस नंबरची व्यक्ती म्हणजे मास्तरांच्या गळ्यातला ताईत. बाई आहे हे वाक्यांवरून कळत होतं, बाकी काही माहीत नव्हतं. पण काय कान, काय नेमकेपणा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. कचेरीत त्यांनी तिचं कौतुक करकरून सगळ्यांना वात आणला होता.

तर त्या सकाळी मास्तरांनी गठ्ठे मोडले आणि चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. लावून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, जानेवारीपासून पुढे एक्केचाळीस नंबरच्या चिठ्ठ्या एकीमागून एक आल्यात, मधे दुसरं फारसं कुणी नाही. त्यांनी सहज, एखादी गोष्ट वाचावी तशा त्या ओळीनं वाचल्या.

नऊ जानेवारी. 'जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर भेलकांडले, पण कठडा हाताशी होता.' खाली लाल शाईत त्यांचा शेरा: ठीक.

सत्तावीस जानेवारी. 'कपडे वाळत घालायला मान वर केली आणि भेलकांडत पार मागच्या भिंतीपर्यंत गेले.' शेरा: क्रिया लांबल्याचं चांगलं उदाहरण.

अठरा फेब्रुवारी. 'सरळ जायचं म्हटलं तरी डावीकडेच भेलकांडते.' शेरा: दिशेचा उल्लेख प्रथमच. वा.

अकरा मार्च. 'भर बाजारात भेलकांडले तर एक जण म्हणाला, सकाळी सकाळीच घेतली वाटतं.' शेरा: समाजाची दृष्टी कळते. ठेवा.

एकोणतीस एप्रिल. 'हल्ली मी भेलकांडत नाही, कारण मी भिंतच सोडत नाही.' शेरा: नकारार्थी प्रयोग. अप्रतिम.

इथे मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला आणि त्यांनी तो वर केला नाही. ही सगळी वाक्यं त्यांनी वाचलेली होती. एकेक वाक्य दहादा वाचलेलं होतं. पण एक या गठ्ठ्यात, दुसरं त्या गठ्ठ्यात, आणि प्रत्येक वेळी डोळा फक्त त्या एका शब्दावर. आता ओळीनं वाचताना शब्द मागे पडला आणि समोर एक बाई उभी राहिली. तिची तब्येत महिन्यागणिक ढासळत होती, तिनं ती तारीखवार कळवली होती, आणि त्यावर आपण लाल पेनानं वाहवा देत बसलो होतो. या बाईला कुणी डॉक्टरकडे नेलं की नाही? तिच्या घरात कुणी माणूस आहे की नाही?

त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली. दोन जून. 'दुधाचं पातेलं उतरवताना भेलकांडले आणि उजव्या पावलावर दूध सांडून पाऊल भाजलं.' शेरा: ठीक, पण वाक्य लांब.

दोन जूनला मास्तर स्वतः औषधांच्या दुकानात भाजल्याचं मलम आणायला गेले होते. तारीख पक्की लक्षात होती, कारण त्याच दिवशी त्यांची नोकरी दोन वर्षांनी वाढल्याचं पत्र आलं होतं आणि पेढ्याऐवजी मलम आणायला लागलं म्हणून ते चिडले होते. बायकोच्या उजव्या पावलावर दूध सांडलं होतं. 'बघून काम करावं माणसानं,' असं ते तिला म्हणाले होते.

शक्य नाही, असं ते मनाशी म्हणाले. पुष्कळ बायकांच्या पायावर दूध सांडतं. त्यांनी पुढची चिठ्ठी घेतली.

वीस जून. 'मी त्यांना म्हटलं, मी आज पुन्हा भेलकांडले. ते म्हणाले, एका पावलाला भेलकांडणं म्हणत नाहीत, तोल गेला म्हण.' शेरा: अर्थभेद नेमका दाखवला आहे. जरूर घ्या.

हा शेरा लिहिताना मास्तरांना त्या अनोळखी नवऱ्याविषयी आदर वाटला होता. जगात आपल्यासारखा चोखंदळ आणखी एक जण आहे तर, असं वाटून त्या दिवशी त्यांनी एक कप चहा जास्त घेतला होता. आता त्यांना स्वयंपाकघर आठवलं. सिंकला टेकून उभी असलेली बायको आठवली. तिनं काय म्हटलं होतं, आणि पेपरमधून डोकं वर न काढता आपण काय म्हटलं होतं, ते अक्षरन् अक्षर आठवलं. तेव्हा त्यांच्या हातून गठ्ठा पडला.

सगळ्यांत वाईट ते यानंतर आठवलं. ती नकारार्थी वाक्याची चिठ्ठी आली त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला होता की, ती त्यांनी जेवताना बायकोला म्हणून दाखवली होती. तिचंच वाक्य तिच्याच ताटासमोर. 'हल्ली मी भेलकांडत नाही, कारण मी भिंतच सोडत नाही. काय वाक्य आहे बघ.' बायको घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली होती. मग तिनं विचारलं होतं, 'त्या बाईचं पुढे काय झालं असेल हो?' आणि मास्तर म्हणाले होते, 'ते आपलं काम नाही. आपलं काम शब्दाशी.'

"मास्तर," टाइप करणाऱ्या बाई उठून जवळ आल्या. "बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

"एक्केचाळीस नंबर कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

बाई खाली वाकून चिठ्ठ्या गोळा करत होत्या, त्या तशाच वाकलेल्या थांबल्या. नियम मोडून मास्तर स्वतः नाव विचारतायत, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "म्हणजे?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"मास्तर, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, तुमची दोघांची गंमत चाललीय." बाईंचा चेहरा उतरला. "वहिनी स्वतः येऊन देतात चिठ्ठ्या. गुरुवारी, तुम्ही वर मीटिंगला जाता तेव्हा. डिसेंबरात आल्या पहिल्यांदा. म्हणाल्या, घरी हे रोज कुणाकुणाचं कौतुक सांगतात, बघू या माझं कधी करतात का. मला मजा वाटली. मी म्हटलं, चांगलंय."

"आणि नंतर?"

"नंतर त्या जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरायला लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, यांना सगळं लिहून कळवलंय. मला काय कळणार, मास्तर? मी टाइप करत होते, तुम्ही शेरे मारत होतात. मला वाटलं घरी डॉक्टर-बिक्टर सगळं चाललं असेल."

मास्तर खुर्चीचा हात धरून बसून राहिले. चौदा चिठ्ठ्यांपैकी शेवटची होती अकरा जुलैची. आज होती चौदा ऑगस्ट. महिनाभरात एकही चिठ्ठी नाही, हे त्यांना आत्ता दिसलं. "नंतरची नाही आली एकही?" त्यांनी विचारलं.

बाई सरळ उभ्या राहिल्या. पदरानं उगाच टेबलाची कड पुसली. मग म्हणाल्या, "एक आली होती. ती तुम्ही परत पाठवलीत."

परत पाठवलेल्या चिठ्ठ्यांची वही कोपऱ्यातल्या कपाटात असायची आणि त्या कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या कमरेला. कचेरीत त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. हा माणूस स्वतःच्या डब्यालाही कुलूप लावतो अशी त्यांची ख्याती. मास्तर समोर येऊन उभे राहिले तेव्हा कुलूपकाकांनी सवयीनं विचारलं, "अर्ज आणलाय?" मग मास्तरांचं तोंड बघितलं आणि किल्ली काढून दिली. नोकरीत त्यांनी असं एकदाच केलं.

वहीत परत गेलेली प्रत्येक चिठ्ठी पूर्ण उतरवून ठेवायची पद्धत होती. एक्केचाळीस नंबर, तीस जुलै. बाईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

'डॉक्टरांनी मेंदूची तपासणी सांगितली आहे. चौदा ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी दहा, सरकारी रुग्णालय, तिसरा मजला. मला एकटीला भीती वाटते. कोणी सोबत आलं तर बरं होईल.'

आणि पुढच्या रकान्यात मास्तरांचा शेरा होता: प्रस्तुत शब्दाचा प्रयोग नाही. नियमानुसार परत.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मास्तर," मागे उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या. "ही खरंच परत पाठवायची का, असं दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, नियम म्हणजे नियम, माणूस कितीही आवडता असला तरी. आज तुम्ही कामावर आलात, म्हणजे वहिनींसोबत दुसरं कुणी गेलं असेल, असं वाटलं मला."

म्हणाले होते. वर असंही म्हणाले होते की, एवढी जाणकार बाई, तिचंही कधीकधी डोकं चालत नाही. कचेरीच्या खाकी पाकिटातून ती चिठ्ठी त्यांच्याच घरच्या पत्त्यावर गेली होती. बायकोनं ते पाकीट फोडलं असेल, आतला शेरा वाचला असेल, आणि संध्याकाळी नेहमीसारखा त्यांना चहा करून दिला असेल. आज सकाळी ते बूट घालत असताना ती म्हणाली होती, 'मला आज जरा बाहेर जायचंय.' ते 'हं' म्हणाले होते. ती दाराशी आणखी थोडा वेळ थांबली होती. त्यांना वाटलं, पिशवी शोधत असेल.

घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. मास्तर टोपी, डबा, चष्म्याचं घर, सगळं तिथेच टाकून जिना उतरले. मागून कुलूपकाका ओरडले, "पाच वाजताचं पान?" पण मास्तर रस्त्यावर पोचले होते.

त्यांनी टॅक्सी पकडली. ड्रायव्हर आपणहून गाणं बंद करून आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला. मास्तरांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जिना. घरचा जिना, कचेरीचा जिना, रुग्णालयाचा जिना. भिंत सोडत नाही म्हणणारी बाई रस्ता कसा ओलांडत असेल? रस्त्याला भिंत नसते. हे त्यांना एप्रिलात सुचायला हवं होतं. एप्रिलात त्यांना सुचलं होतं ते एवढंच, की नकारार्थी प्रयोगाला वेगळा परिच्छेद द्यावा.

सरकारी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर लांबलचक बाकं होती आणि त्यांवर माणसं आपापली पाकिटं मांडीवर घेऊन बसली होती. बायको शेवटच्या बाकावर, भिंतीकडेच्या टोकाला बसलेली होती. मास्तरांनी तिला लांबून पाहिलं आणि त्यांना धक्काच बसला. ती वाळली होती. ब्लाउजची बाही दंडावर ढिली झाली होती, डोकं जरासं उजवीकडे कललेलं होतं. मान अशी आत्ताच झालेली नसणार. रोज एका ताटापलीकडे बसणारं माणूस, आणि ते आपल्याला दिसतंय आज, दुसऱ्याच इमारतीत.

तिनं वर पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आनंदही झालेला दिसला नाही. "कोण आजारी आहे?" तिनं विचारलं. मास्तर आपल्यासाठी आले असतील हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"तू," मास्तर म्हणाले.

ती थोडी सरकली. ते बाजूला बसले. समोरच्या दारावर लाल दिवा लागलेला होता.

"तपासणी झाली," ती म्हणाली. "आतमध्ये फार आवाज होतो. घण घातल्यासारखा. आता डॉक्टर बोलावतील."

"मी आज तारखेप्रमाणे लावल्या," मास्तर म्हणाले.

"आज होय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला वाटलं होतं, जानेवारीतच ओळखाल. पहिल्या चिठ्ठीवरच. तुमच्या लक्षात आलं नाही म्हणून गंमत वाटली. फेब्रुवारीपर्यंत गंमतच वाटत होती."

मास्तरांनी तोंड उघडलं.

"सांगायचं होतंस," ते म्हणाले, आणि म्हटल्याक्षणी त्यांना आपलीच जीभ चावावीशी वाटली.

मांडीवरचं मोठं पाकीट बायकोनं सरळ करून ठेवलं, एवढंच.

डॉक्टर म्हणजे जेमतेम तिशीची मुलगी होती. आवाज शांत, पण बोलणं आडपडदा न ठेवणारं. त्यांनी काळी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि पेनाच्या टोकानं एक पांढरट डाग दाखवला. मेंदूच्या मागच्या बाजूला, तोल सांभाळणारा भाग असतो तिथे, डाव्या अंगाला गाठ होती. लिंबाएवढी. काढावी लागणार, आणि थांबायला वेळ नाही. सोमवारी सकाळी.

"लहान असती तर सोपं गेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "चार-पाच महिने आधी आला असतात तर मी तुम्हाला एवढ्या काळजीनं सांगितलं नसतं. आता गाठ नाजूक नसांना टेकलीय. ऑपरेशननंतर चालणं परत येईल की नाही, सांगता येत नाही. बोलणंही जड होऊ शकतं. काही दिवस, काही महिने. कधीकधी पहिल्यासारखं होतच नाही." त्यांनी समोरचा फॉर्म ओढला आणि लिहायला सुरुवात केली. "त्रास कधीपासून आहे?"

"जानेवारीपासून," बायको म्हणाली.

"मग एवढे दिवस घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मास्तरांनी मान खाली घातली. टेबलाखाली बायकोचं उजवं पाऊल दिसत होतं, भाजल्याचा डाग अजून होता.

"मीच कुणाला सांगितलं नाही," बायको म्हणाली. सहज म्हणाली. पाहुण्यांसमोर घरातला फुटका कप ती असाच मागे सरकवायची. "उगाच कशाला त्रास, म्हटलं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहू लागल्या. उलट्या बाजूनं वाचायची मास्तरांना कामामुळे सवय होती. 'रुग्णाने घरी कल्पना दिली नव्हती,' असं त्या लिहीत होत्या.

"ते चूक आहे," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. बायकोनं डोळे मिटले. आयुष्यभर ऐकलेलं वाक्य होतं ते.

"हिनं सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "चौदा वेळा. लेखी. तारीख घालून. कुठल्या बाजूला जाते तेसुद्धा लिहिलं होतं. आजची ही वेळ, हा मजला, तेही कळवलं होतं. सगळं माझ्या हातात होतं."

"मग तुम्ही काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं.

"शेरे मारले," मास्तर म्हणाले.

बाहेर नर्स कुणाचा तरी नंबर पुकारत होती. डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि तिच्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. दुसरा एक कागद काढून त्यांनी पुढे ठेवला. ऑपरेशनला संमती द्यायची होती. रुग्णाची सही, आणि जवळच्या नातेवाइकाची.

बायकोनं सही केली. तिची अक्षरं ओळ सोडून खाली उतरत गेली. मग तिनं ते पेन मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी घाईघाईनं सहीची जागा शोधली आणि पेन टेकवलं, तसा तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"आधी वाचा," ती म्हणाली. "नीट वाचा."

मास्तरांनी वाचायला घेतलं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे बोलणे व चालणे यावर परिणाम होऊ शकतो, कायमचा होऊ शकतो, रुग्ण दगावू शकतो, आणि या सगळ्याची आम्हाला पूर्ण कल्पना दिलेली आहे, असं त्यात एका लांबलचक वाक्यात लिहिलं होतं. त्या वाक्यात दोन ढळढळीत चुका होत्या. मास्तरांना त्या दिसल्या नाहीत. त्यांनी ते पहिल्यांदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि तिन्ही वेळा ते जे म्हणत होतं तेच म्हणत राहिलं. त्यांनी सही केली. आज शुक्रवार होता. सोमवार सकाळपर्यंत बायकोचं बोलणं शाबूत होतं. पेन ठेवून ते तिच्याकडे वळले आणि तिच्या ओठांकडे बघत, ती काय बोलते त्याची वाट बघत राहिले.